दुष्काळांतील गाईचें छप्पर

(तुळिंज येथें भरलेल्या समितीच्या सभेंत एका वकील सभासदांनीं केलेलें भाषण. सभेच्या इच्छेवरून तें या अहवालांत व विनंतिपत्रांत छापलें आहे.)



वकिलानें गाईच्या गोठ्याविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. माझ्या धंद्यांतील मनुष्य बहुधा जो बोलूं शकतो व फी देऊं शकतो त्याच्याच वतीनें उभा राहतो. आज माझा जो पक्षकार आहे त्याला वकीलपत्रावर सही करतां येत नाहीं, साक्ष देतां येत नाहीं, आणि निकाल विरुद्ध गेल्यास अपीलही करतां येत नाहीं. कारण तोंवर तो जिवंत राहिलेला नसतो. तेव्हां त्याची बाजू जरा सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

आजपर्यंत आपल्या समितीनें आपणांपाशीं चाऱ्यासाठीं पैसा मागितला आणि आपण तो दिला. या खेपेस समिति चाऱ्याबरोबर छपरासाठींही मागत आहे. दुष्काळी तालुक्यांत जनावरांच्या छावण्या उघडण्याची वेळ येईल तेव्हां तेथें उभारावयाच्या मांडवांचें सामान, म्हणजे बांबू, पत्रा, दोर, गव्हाणीचें साहित्य व पाण्याच्या टाक्या, हें आधींच जमवून ठेवावें असा बेत आहे. आमच्या कार्यकारी मंडळांतच एका वडीलधाऱ्या व्यापारी गृहस्थांनीं यावर आक्षेप घेतला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, जेथें पोटाला नाहीं तेथें छपराची चैन कशाला? पत्र्याच्या पैशांत चारा किती येईल तें बोला." आक्षेप घेणाऱ्यांची दानत मोठी आहे आणि प्रश्नही खरा आहे. त्याचें उत्तर न देतां आपणांपुढें झोळी पसरणें योग्य होणार नाहीं. माझें सगळें भाषण हें त्या एका प्रश्नाचें उत्तर समजावें.

प्रथम, दुष्काळांत जनावराचें काय होतें तें पाहूं. माणसासाठीं सरकार कामें काढतें, धान्य वांटतें. जनावर मात्र धन्याच्या दारांत उभें असतें आणि धन्याचेंच दार रिकामें असतें. १८९९-१९०० च्या दुष्काळांत गुजरातेंत व दख्खनेंत गुरें अपार मेलीं. त्या वेळीं आपल्या ठाणें जिल्ह्याच्या रानांतून गवत कापून व दाबून रेल्वेनें दुष्काळी मुलखांत धाडण्यांत आलें. गुजरातेंतील गाईंचें नांवाजलेलें वाण नाहींसें होतें कीं काय अशी भीति पडली, म्हणून मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट यांच्या अमदानींत छारोडी येथें निवडक गुरें राखण्यासाठीं एक शेत स्थापावें लागलें. यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गेलेलें धान्य पुढच्या हंगामांत पिकतें. गेलेली गाय पुढच्या हंगामांत उगवत नाहीं. कालवड जन्मल्यापासून ती दूध देऊं लागेपर्यंत तीन-चार वर्षें जातात. उन्हाळ्यांत शेतकऱ्यानें पडेल त्या भावानें जनावर विकलें, तर पाऊस पडल्यावर तेंच त्याला चढ्या भावानें घ्यावें लागतें, आणि घेण्यास पैसा नसला तर एका दुष्काळांत तो शेतकऱ्याचा मजूर होऊन बसतो. गाय वांचविणें म्हणजे शेतकऱ्याचें कुळ वांचविणें, असें मी म्हणतों तें याच अर्थानें.

१९७२ चा दुष्काळ आपणांपैकीं वडील मंडळींस आठवत असेल. त्यानंतर २०१२-१३ सालीं व पुन्हां २०१८-१९ सालीं मराठवाड्यांत व पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्व भागांत छावण्या उघडाव्या लागल्या. साताऱ्याच्या माणदेशांत म्हसवड येथें माणदेशी फाउंडेशननें दोन्ही वेळां छावणी चालविली. २०१९ च्या उन्हाळ्यांत राज्यांतील छावण्यांमधील जनावरांची संख्या दहा लाखांच्या घरांत गेली होती. त्या वर्षीं मे महिन्यांत सरकारी अनुदान मोठ्या जनावरामागें रोज १०० रुपये व लहान जनावरामागें ५० रुपये असें वाढविण्यांत आलें. एवढ्यांत वैरण, पेंड व पाणी भागवावयाचें. छपरासाठीं उरणार काय?

त्याच उन्हाळ्यांत कामानिमित्त त्या बाजूस गेलों असतां मीं एक छावणी पाहिली. उघड्या माळावर ओळीनें खुंटे ठोकलेले, आणि प्रत्येक शेतकऱ्यानें आपापल्या गाईपुरती चार काठ्यांवर सावली केलेली. कोणी जुनें लुगडें ताणलें होतें, कोणी हिरवी जाळी, कोणी उसाचें पाचट. माणसेंही तेथेंच जनावरांच्या पायांशीं राहत होतीं. दुपारचे दोन वाजले होते. एक बाई आपल्या गाईच्या डोक्यावर पदरानें वारा घालीत बसली होती. मीं विचारलें, "वैरण वेळेवर मिळते ना?" ती म्हणाली, "दादा, वैरण मिळतीया. पर ऊन कुणी वाटून घ्यावं?" तिच्या पुढ्यांतली वैरण तशीच पडली होती. गाय तोंड उघडें टाकून धापा टाकीत होती आणि खात नव्हती. आमच्या व्यापारी मित्रांच्या प्रश्नाचें निम्में उत्तर मला त्या माळावरच मिळालें.

उरलेलें निम्में उत्तर शास्त्राचें आहे, तें थोडक्यांत सांगतों. गाईचें पोट ही एक चालती भट्टी आहे. त्यांत चारा आंबतो व पचतो आणि त्यापासून उष्णता निर्माण होते. ती उष्णता अंगाबाहेर गेली पाहिजे. गाईला घोड्यासारखा सपाटून घाम येत नाहीं. म्हणून ऊन वाढलें कीं ती श्वास जलद करते, आणि तेवढ्यानें भागेनासें झालें कीं आंत भट्टी पेटूं नये म्हणून खाणेंच कमी करते. विलायती रक्ताच्या संकरित गाईला पंचविशीच्या पुढचें तपमान जाचूं लागतें. आपली देशी गाय पुष्कळ अधिक सोसते, पण चाळीस अंशांच्या उन्हांत तिलाही सावली लागतेच. शिवाय निरोगी गाय दिवसांतून दहा-बारा तास बसून काढते. बसल्यावरच ती निवांत रवंथ करते, आणि ती बसली असतांना कासेकडे रक्ताचा पुरवठा अधिक होतो. तापलेल्या किंवा चिखल झालेल्या जमिनीवर ती बसत नाहीं, उभीच राहते. म्हणजे आपण पैसा खर्चून घातलेला चारा एक तर खाल्ला जात नाहीं, आणि खाल्ला तरी दुधाकडे किंवा अंगाकडे न जातां उन्हाशीं झगडण्यांत खर्ची पडतो.

आतां हाच हिशेब व्यापाऱ्याच्या वहींत मांडूं. शंभर गाईंची छावणी धरा. गव्हाण नसली म्हणजे वैरण जमिनीवर टाकावी लागते. गाय तिच्यावर उभी राहते, तिच्यावरच शेण टाकते, आणि मग ती हुंगून सोडून देते. एका गाईमागें रोज दोनच किलो वैरण अशी वायां जाते असें धरलें, तरी शंभर गाईंमागें दिवसाला दोनशें किलो, महिन्याला सहा टन, आणि पांच महिन्यांच्या छावणींत तीस टन वैरण पायांखालीं जाते. हें दान कोणाच्याही पदरीं पडत नाहीं. गव्हाण करण्यास संगमरवर लागत नाहीं. निळीं प्लास्टिकचीं पिंपें उभीं चिरून बांबूच्या चौकटींत आडवीं बसविलीं कीं गव्हाण झाली. छप्पर व गव्हाण यांचा खर्च चाऱ्याच्या खर्चांत भर घालणारा नाहीं. चाऱ्याच्या खर्चास लागलेली गळती बुजविणारा आहे.

कायदाही हेंच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा जो कायदा आहे, त्याच्या ११ व्या कलमानें मालकानें जनावरास पुरेसें अन्न, पाणी किंवा निवारा न देणें हा अपराध ठरविला आहे. आणि अवाजवी आंखूड दोरानें किंवा साखळीनें अवाजवी वेळ बांधून ठेवणें हाही अपराधच आहे. दुष्काळानें गांजलेल्या शेतकऱ्यास या कलमाचा धाक घालावा असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु अन्न, पाणी व निवारा हे तीन शब्द एका ओळींत घालणाऱ्यांनीं निवारा हा चैनींत धरला नाहीं, गरजेंत धरला, एवढें आपण ध्यानांत घ्यावें. जी गोष्ट एकट्या शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेर गेली ती मिळून करावी, यासाठींच अशा समित्या असतात.

छप्पर हवें हें मान्य झाल्यावर कसें हवें हा प्रश्न येतो, आणि येथें मला माझीच एक चूक कबूल करावयाची आहे. माझ्या वडिलांच्या वेळीं याच तुळिंजांत डोंगराच्या पायथ्याशीं आमचा गोठा होता. कुडाच्या भिंती, पेंढ्यानें शाकारलेलें उंच छप्पर, खालीं चोपलेली मुरमाची जमीन, आणि मागें उकिरडा. मी वकिली करूं लागलों, हातीं चार पैसे आले, आणि वडिलांना सुख द्यावें म्हणून मीं तो गोठा पाडून पक्का बांधला. चार बाजूंनीं विटांच्या भिंती, वर हाताला लागेल इतका ठेंगणा पत्रा, खालीं गुळगुळीत सिमेंट. खर्च पुष्कळ झाला व पाहणाऱ्यांनीं वाहवाही केली. आमचा म्हातारा गडी तेवढा म्हणाला, "धाकटे मालक, तुम्ही गाईला खोली बांधलीत, गोठा नाय बांधला." मीं तें हंसण्यावारी नेलें. पहिल्याच पावसाळ्यांत ओल्या सिमेंटवर आमची चांगली दुभती गाय घसरली व खुब्यांत मोडली. ती पुन्हां उठली नाहीं. वडील मला एक शब्द बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं स्वतः पहार घेऊन त्या जमिनीवर खांचा पाडीत बसले. त्यानंतर गोठ्याविषयीं जें जें मिळेल तें वाचण्याची व जाणत्यांना विचारण्याची संवय मला लागली. पुढें जें सांगणार आहें तें त्या शिक्षणाचें फळ आहे, आणि त्याची फी माझ्या गाईनें भरलेली आहे.

पहिली गोष्ट जागेची. पशुसंवर्धनाच्या पुस्तकांतून मोकळ्या गोठ्याचें जें माप दिलेलें असतें तें असें: मोठ्या गाईमागें साडेतीन चौरस मीटर जागा छपराखालीं व सात चौरस मीटर उघड्या आवारांत, म्हशीमागें चार व आठ, लहान वासरामागें एक व दोन. गव्हाणीवर प्रत्येक गाईला साठ ते पंचाहत्तर सेंटीमीटर लांबी पुरते. शंभर गाईंसाठीं पांच मीटर रुंद व एकंदर सत्तर मीटर लांब असे मांडव केले म्हणजे साडेतीनशें चौरस मीटर छप्पर व सत्तर मीटर गव्हाण हीं दोन्ही मापें जुळतात. सलग एकच मांडव न करतां पस्तीस-पस्तीस मीटरांचे दोन करावे. खिल्लारासारखीं लांब शिंगांचीं जनावरें असतील तर जागा याहून सढळ द्यावी. गाई दिवसरात्र खुंट्याला बांधावयाच्या म्हटलें तर प्रत्येकीला सुमारें चार फूट रुंदी लागते, गव्हाण जवळजवळ दुपटीनें लांबते, आणि पाणी पाजण्यास माणूस लागतो. म्हणून कुंपणाच्या आवारांत जनावरें मोकळीं ठेवणें स्वस्तही पडतें व त्यांना सुखाचेंही होतें. मात्र निरनिराळ्या गांवांचीं जनावरें प्रथम एकत्र आलीं कीं मारामारी करतात. यासाठीं पहिले कांहीं दिवस लांब दाव्यानें बांधून मग हळूहळू सोडावीं.

दुसरी गोष्ट दिशेची. माणदेशासारख्या कोरड्या मुलखांत मांडव पूर्व-पश्चिम लांब असावा. मग माथ्यावरचें ऊन छपरावर पडतें, आणि सकाळ-संध्याकाळचें तिरपें ऊन दोन आंखूड टोकांतूनच काय तें आंत शिरतें. आपल्या कोंकणांत प्रश्न उलटा आहे. येथें शत्रु ऊन नसून ओल आहे. म्हणून ओलसर मुलखांत गोठा दक्षिणोत्तर लांब ठेवावा म्हणजे सकाळीं एका बाजूनें व दुपारनंतर दुसऱ्या बाजूनें ऊन आंत येऊन जमीन सुकते, असें सांगतात. परंतु तसें केलें कीं नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारा पाऊस लांब पश्चिम बाजूवरच आपटतो. यावर उपाय आपल्या वाडवडिलांनींच काढून ठेवला आहे. त्या बाजूची वळचण चांगली पुढें काढावी, खालीं कमरेएवढी भिंत घालावी, आणि वरच्या उघड्या भागास आगोटीपूर्वीं झांपा बांधून दसऱ्यानंतर त्या सोडाव्या. चारही बाजूंनीं कायमच्या भिंती घालूं नयेत. त्या भिंतींत मीं माझी गाय कोंडली होती.

तिसरी गोष्ट छपराची. छप्पर वळचणीपाशीं निदान आठ फूट व आढ्यापाशीं बारा फूट तरी उंच असावें, आणि आढ्यावर गरम हवा निघून जाण्यास फट ठेवून तिच्यावर टोपी घालावी. ठेंगणा पत्रा दुपारीं तव्यासारखा तापतो व ती आंच गाईच्या पाठीवर उतरते. पत्रा वापरणें भाग असेल तर त्याला वरून पांढरा चुना द्यावा किंवा त्यावर पाचटाचा वा गवताचा थर घालावा. निव्वळ पेंढ्याचें छप्पर सर्वांत थंड, परंतु त्याला आगीचें भय व दरसाल शाकारणी. म्हणून छावणींत दोन मांडवांमध्यें अंतर ठेवावें व चुली दूर ठेवाव्या.

चौथी गोष्ट पायाखालची. जमीन घसरडी नसावी. चोपलेला मुरूम, उभ्या विटा, अथवा खांचा पाडलेलें काँक्रीट चालेल. गुळगुळीत सिमेंट मुळींच नको. चाळीस ते साठ फुटांस एक फूट इतका उतार नालीकडे द्यावा. याहून अधिक दिला तर गाईच्या पायांस त्रास, याहून कमी दिला तर मूत्र सांचून वास. नाली उथळ व फावड्याइतकी रुंद असावी, म्हणजे साफ करण्यास सोपी. गव्हाणीचा तळ गाईच्या खुरांपेक्षां थोडाच उंच ठेवावा. चरतांना असते तशी मान खालीं करून खाल्लें कीं लाळ अधिक सुटते व पचन चांगलें होतें.

पांचवी गोष्ट पाण्याची, आणि दुष्काळांत ही पहिलीच म्हटली पाहिजे. उन्हाळ्यांत छावणींतील एका गाईस रोज पन्नास लिटर पाणी धरलें, तर शंभर गाईंस पांच हजार लिटर लागतें; दुभत्या संकरित गाईस याहूनही अधिक लागेल. टांकी सावलींत असावी. तापलेलें पाणी गाय कमी पिते. पाऊस असतो तेव्हां हेंच छप्पर पाणीही देऊं शकतें. साडेतीनशें चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे साडेतीनशें लिटर पाणी झालें. आपल्या तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. दोन हजारच धरला व पांचवा हिस्सा वायां गेला असें मानलें, तरी पांच लाख साठ हजार लिटर, म्हणजे शंभर गाईंचें एकशें बारा दिवसांचें पाणी होतें. माणांत साडेचारशें मिलिमीटर पाऊस धरला तर तोच हिशेब पंचवीस दिवसांवर येतो, आणि पाऊस निम्मा झाला तर बारा दिवसांवर. एवढ्यानें छावणी चालत नाहीं हें मी लपवीत नाहीं. पण टँकर चुकल्याच्या दिवशीं बारा दिवसांचें पाणी हातीं असणें म्हणजे काय, हें ज्यानें टँकरची वाट पाहिली आहे त्यालाच विचारावें.

सहावी गोष्ट रोगाची. २०२२ सालीं लंपीच्या सांथीनें आपल्या राज्यांतील गोधनावर केवढा घाला घातला, तें आपण पाहिलें आहे. हा रोग मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डांस व गोचिडांवाटे पसरतो. जेथें जनावरें एकत्र येतात तेथें रोगही एकत्र येतो. म्हणून लस टोंचल्याची खात्री केल्याशिवाय जनावर आंत घेऊं नये; आजारी जनावरांसाठीं वाऱ्याच्या खालच्या अंगास वेगळा मांडव राखावा; विणारी गाय व लहान वासरें निराळीं ठेवावीं. शेण रोजच्या रोज दूर खड्ड्यांत न्यावें. एका गाईचें रोजचें दहा-पंधरा किलो शेण म्हटलें, तर शंभर गाईंचें एक ते दीड टन होतें. तें पडून राहिलें तर माश्यांचें घर, आणि नीट कुजवलें तर तेंच खत. वसईच्या वाड्या ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं केळीं व पानवेली लावून नांवारूपास आणल्या, त्यांना खताची किंमत मीं सांगावयास नको.

कोणी म्हणेल कीं माणदेश व बीड दूर आहेत. तर मग आपल्याच पालघर जिल्ह्याकडे पाहा. जव्हार-मोखाड्यास पावसाळ्यांत धो धो पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यांत तेथील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. तेथली डांगी गाय आपल्या तेलकट कातडीमुळें पावसाला दाद देत नाहीं अशी तिची ख्याति आहे. तरीही चिखलांत उभ्या राहिलेल्या गाईचे खूर सडतात आणि मे महिन्यांत पाणी नसेल तर तिचेंही दूध आटतें. तेथें कोरडी उंच जमीन व पत्र्यावरचें पाणी धरणारी टांकी या दोन गोष्टी दिल्या तरी पुष्कळ होईल.

आणि दूर म्हणजे तरी किती दूर? तुळिंज आतां खेडें राहिलेलें नाहीं. आमचा गोठा होता तेथें आज इमारती आहेत, आणि पहाटे दुधाची चरवी येत असे तेथें पिशवी येते. त्या पिशवींतलें दूध कोठून येतें? बहुतेक अहिल्यानगर, सोलापूर, सातारा, सांगली, पुणें याच बाजूनें. म्हणजे ज्या मुलखांत छावण्या पडतात त्याच मुलखांतून. आपल्या घरांतील लेकरूं सकाळीं जो पेला तोंडाला लावतें तो कोणत्या तरी माळावरच्या गाईनें भरलेला असतो. मीं पदरानें वारा घेतांना पाहिलेली गाय कदाचित् तीच असेल. आपण देणार तें दान आहे असें आपण म्हणतों. मी वकील या नात्यानें त्याला थकलेलें देणें म्हणेन.

तर आतां मागणें सांगतों. जमीनदार बंधूंनीं आपापल्या वरकस जमिनींतील गवताचा कांहीं भाग समितीसाठीं राखावा, तें वेळेवर कापून कोरडें दाबावें, आणि बेटांतले बांबू द्यावे. येथें एक विनंति अधिक. याच उत्तर कोंकणांत वारली मजुरांना ५०० पौंड गवत कापण्याबद्दल अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून १९४६ च्या सुमारास लढा द्यावा लागला होता. धर्माचें गवत अर्ध्या मजुरींत कापूं नये; एकाच्या गाईला दुसऱ्याच्या उपासाची वैरण घालणें हें पुण्य नव्हे. व्यापारी बंधूंनीं पत्रा, दोर, पिंपें व टांक्या खरेदीच्या भावानें द्याव्या, आणि माल ठेवण्यास एखादें कोरडें गोदाम द्यावें. ज्यांना रोख देणें सोयीचें असेल त्यांनीं एका गाईच्या साडेतीन चौरस मीटर छपराचा खर्च हें एक माप धरून जितक्या गाईंचें छप्पर घेववेल तितकें घ्यावें. हे मांडव सुटे आहेत. एका दुष्काळांत वापरून उतरवून ठेवले तर पुढच्या दुष्काळांत पुन्हां उभे राहतात. चारा एकदांच खाल्ला जातो. छप्पर अनेकदां सावली देतें.

हिशेबाविषयीं दोन शब्द. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यानें जमाखर्च ठेवणें व तपासून घेणें बंधनकारकच आहे. तेवढ्यावर न थांबतां प्रत्येक छावणींत किती पत्रे गेले, किती परत आले, किती मोडले, हें समिति पुढील अहवालांत छापील. दात्यांचीं नांवें अहवालांत येतील. मांडवाच्या खांबांवर मात्र पाट्या लागणार नाहींत. तो पैसा खांबालाच लागूं द्यावा.

ज्या व्यापारी गृहस्थांच्या प्रश्नानें मीं आरंभ केला, त्यांनीं हा हिशेब पाहून गेल्या आठवड्यांत मला बोलावून घेतलें. वही बाजूला ठेवून ते म्हणाले, "वकीलसाहेब, चाऱ्याची माझी रक्कम आहे तीच ठेवा. छपराची वेगळी मांडा." मीं विचारलें, "किती गाईंची?" ते म्हणाले, "आधीं तुमच्या त्या घसरलेल्या गाईची मांडा, मग पुढें मोजूं." सभ्य गृहस्थहो, त्या गाईची रक्कम मांडली गेली आहे. पुढचें मोजणें आपल्या हातीं आहे.